घाव एकीकडे, चूक दुसरीकडे

गेम बनवणाऱ्या वाचकांच्या पत्रांना मी या सदरात उत्तरं देते. या महिन्याची तीन पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात: खेळणारे जे बोलतात त्यातलं आधी काय हाती घ्यायचं. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण तो प्रश्न मलाही बरीच वर्षं छळत आला आहे.

प्रश्न: ताई, आम्ही कोल्हापूरचे तिघे मित्र. नोकऱ्या सांभाळून दोन वर्षांत मोबाइलवरचा एक गेम बनवला आहे. सह्याद्रीतले किल्ले, घाटवाटा, रसद, गनिमी कावा असा पाळीपाळीने खेळायचा युद्धाचा डाव आहे. गेल्या दोन महिन्यांत ओळखीपाळखीतून ३०० जणांना खेळायला दिला, २१२ अभिप्राय आले. त्यांची गटवारी केली. ‘जिंकायची शक्यता ७५ टक्के दाखवता आणि तरी हरवता, गेम चीटिंग करतो’ असं ६१ जण म्हणतात. ४८ जणांना आरमार आणि जलदुर्ग हवेत. ३७ जणांना मित्राशी ऑनलाइन खेळायचं आहे. ९ जणांचा सेव्ह केलेला डाव परत उघडलाच नाही. बाकीचं किरकोळ. एक मित्र म्हणतो, ६१ चा गठ्ठा मोठा, तेव्हा टक्केवारी आधी. दुसरा म्हणतो, ऑनलाइन केलं तर गेम पसरेल. हाताशी तीन महिने आहेत आणि माणसं आम्ही तिघंच. आधी काय करू?

उत्तर: आधी ते नऊ जण. आज संध्याकाळीच.

सेव्ह केलेला डाव गेला की माणूस अभिप्राय लिहीत बसत नाही, गेम काढून टाकतो. दीड तास डोकं चालवून तिसऱ्या किल्ल्यापर्यंत पोचायचं आणि सकाळी उघडून पाहावं तर सगळं पुसलेलं. असा माणूस तुम्हाला परत मिळत नाही. लिहिणारे नऊ आहेत. न लिहिता गेलेले किती, ते त्या २१२ अभिप्रायांत दिसणार नाही. ते दिसेल ३०० जणांच्या यादीत. दुसऱ्या दिवशी परत आले नाहीत असे कोण आहेत ते काढा आणि फोन करा. ओळखीतलेच आहेत, नंबर असतील. ‘गेम कसा वाटला’ असं विचारू नका. ‘शेवटचा खेळलात तेव्हा काय झालं होतं’ एवढंच विचारा.

नऊ जणांना मात्र एक नेमका प्रश्न करा: मध्ये फोन आला होता का, दुसरं ॲप उघडलं होतं का, बॅटरी संपली होती का? अँड्रॉइड मागे पडलेलं ॲप केव्हाही बंद करू शकतं. नेमकं त्याच क्षणी तुमचा गेम फाइल लिहीत असेल तर ती अर्धवट राहते. डाव साठवताना थेट जुन्या फाइलवर लिहू नका. नवी फाइल वेगळी लिहा, पूर्ण झाली की वाचून तपासा, मगच ती जुनीच्या जागी आणा, आणि आधीची एक फाइल हाताशी राहू द्या. हे काम दोन-तीन दिवसांचं आहे. ते होईपर्यंत बाकी कशालाही हात लावू नये असं मला वाटतं, कारण डाव पुसला जात असताना लोकांनी दिलेल्या बाकीच्या मतांवरही तुम्हाला भरवसा ठेवता येणार नाही.

आता ६१ जणांचा गठ्ठा.

ही तक्रार फार जुनी आहे आणि तिच्यावर मोठमोठ्यांनी विचार केलेला आहे. ‘सिव्हिलायझेशन’ ही स्ट्रॅटेजी गेमची मालिका सुरू करणारे सिड मायर यांनी २०१० साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये भाषण केलं, त्यात ‘सिव्हिलायझेशन रेव्होल्यूशन’च्या वेळचा अनुभव सांगितला. पडद्यावर ताकद तीनास एक दाखवली आणि खेळणारा हरला की तो चिडायचा. तीन मोठे, एक छोटा, मग मी हरलोच कसा? तोच खेळणारा एकास तीन असताना जिंकला तर त्याची काही तक्रार नसायची. आपण हुशारीने खेळलो असं तो मानायचा. पुढे तर दोनास एकला हरणं लोक मान्य करायचे, पण वीसास दहाला हरणं नाही. गणित तेच, पण वीस हा आकडा किती मोठा! शेवटी त्यांनी आधीच्या लढाईचा निकाल पुढच्या लढाईत जमेला धरायला सुरुवात केली, म्हणजे लागोपाठ तसाच घाव बसू नये.

तीनास एक म्हणजेच तुमचे ७५ टक्के. तुमचा कोड बरोबर असेल तर चारात एकदा हार आहे, आणि लागोपाठ दोन हारी सोळात एकदा. एका डावात अशा वीस चकमकी धरल्या, तर तीनपैकी जवळजवळ दोन डावांत खेळणारा ७५ टक्क्यांवर लागोपाठ दोनदा हरणारच. म्हणजे ६१ जण खोटं बोलत नाहीत. त्यांना बसलेला घाव खरा आहे. ‘चीटिंग’ हा त्यांनी लावलेला अर्थ आहे.

हे दोन वेगळे ठेवता आले की अर्धं काम झालं. खेळणाऱ्याला काय वाटलं, याबद्दल त्याच्याशी वाद घालायचा नाही. तिथे तो कायम बरोबर असतो. कशामुळे वाटलं आणि उपाय काय, हे मात्र तुम्ही शोधायचं. स्ट्रॅटेजी गेममध्ये ते आणखी अवघड असतं, कारण घाव बसतो चौदाव्या पाळीला आणि चूक असते पाचव्या पाळीत.

माझाच अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या स्टुडिओत होते आणि आमचाही रसदीवर चालणारा मोबाइल गेम होता. अभिप्रायांत एकच सूर: शत्रूचं घोडदळ फार भारी आहे. आकडा मोठा होता, म्हणून आम्ही घोडदळाची ताकद १२ वरून १० केली. पुढच्या आठवड्यात ‘गेम मिळमिळीत झाला’ असे अभिप्राय आले आणि घोडदळाबद्दलची ओरडही थांबली नाही. मग एका रविवारी कोथरूडला एका मैत्रिणीच्या घरी सहा जणांना बोलावलं आणि मी त्यांच्या मागे वही घेऊन बसले. त्यांत बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते, बुद्धिबळ चांगलं खेळणारे. चौदाव्या पाळीला घोडदळ आलं, त्यांची फळी कोसळली. त्यांनी फोन मांडीवर ठेवला आणि म्हणाले, ‘घोडदळापुढे काही चालत नाही हो.’ फोन मांडीवर ठेवला म्हणून मला पडद्याचा डावा खालचा कोपरा पहिल्यांदा दिसला. तिथे धान्याच्या पोत्याचं चिन्ह लाल होऊन लुकलुकत होतं. रसद पाचव्या पाळीलाच तुटलेली होती. फोन आडवा धरला की त्या कोपऱ्यावर डावा अंगठा येतो. सहापैकी पाच जणांचा अंगठा तिथेच होता. उपाशी सैन्य निम्म्या ताकदीने लढत होतं आणि ते कुणालाच माहीत नव्हतं.

आम्ही पोतं वर मधोमध नेलं, घोडदळ परत १२ वर आणलं. तक्रार थांबली.

म्हणून माझी पद्धत अशी झाली आहे की तक्रार आली की तिच्या आधीची चाल शोधायची. वहीत मी नाव, फोन, कितवी पाळी, काय झालं, काय वाटलं, काय सुचवलं एवढं लिहिते, आणि शेवटी एक रकाना मोकळा ठेवते: ‘त्याआधी काय होईल असं वाटलं होतं?’ हा प्रश्न प्रत्येकाला विचारा. ‘वाटलं होतं की दोन पथकं एकदम चढवली तर शक्यता वाढेल’, ‘वाटलं होतं हरलं तरी पथक माघारी येईल’ अशी उत्तरं येतात तेव्हा खरी चूक हाती लागते. त्या ६१ जणांपैकी पंधरा-वीस जणांना हे विचारा आणि ही हार कुठे झाली तेही लिहून घ्या.

माझा अंदाज आहे की बऱ्याच हारी किल्ल्याच्या एखाद्याच दरवाजापाशी झालेल्या असतील, जिथे खेळणाऱ्याकडे एकच पथक असतं आणि ते गेलं की डाव संपतो. असं असेल तर दोष टक्केवारीचा नाही. दिवसभरात शंभर चकमकी खेळायच्या तर ७५ टक्के हा चांगला आधार आहे. आयुष्यात एकदाच फासा टाकायचा असेल तर त्या ७५ ला काय अर्थ? तिथे हरलेल्या पथकाला जखमी होऊन माघार घेऊ द्या, किंवा त्या दरवाजापाशी पोचेपर्यंत दुसरं पथक हाती येईल अशी घडी बसवा. आकडा तोच ठेवा आणि हरण्याची किंमत कमी करा.

दुसरे मार्गही आहेत. ‘एक्सकॉम: एनिमी अननोन’ या २०१२ च्या गेममध्ये सोप्या पातळ्यांवर नेम चुकत गेला की पुढच्या नेमाला गुपचूप मदत मिळते. ‘कॅटन’ या पटावरच्या खेळात फाशांऐवजी वापरायचे पत्ते मिळतात: दोन फाशांच्या ३६ शक्यता, तितके ३६ पत्ते, त्यांत ७ हा आकडा सहा वेळा, ६ आणि ८ हे आकडे पाच-पाच वेळा. नशीब राहतं, पण बारा तीनदा आणि आठ एकदाही नाही असा प्रकार होत नाही. तुम्ही चकमकींसाठी चार पत्त्यांचा असा गठ्ठा करू शकता, तीन जिंकायचे, एक हरायचा. फक्त चाणाक्ष खेळणारे पत्ते मोजायला लागतील आणि हरायचा पत्ता फुटकळ चकमकीत खर्च करतील. त्यातही मौज आहे, पण तो वेगळाच गेम होईल. गुपचूप मदत एकट्याने खेळायच्या सोप्या पातळीवर चालेल. माणसाविरुद्ध माणूस खेळत असेल तिथे पडद्यावर ७५ लिहिलं की ७५ च असलं पाहिजे, यावर मी ठाम आहे.

आरमार मागणारे ४८ जण ही आनंदाची बातमी आहे. त्यांना तुमचं जग आवडलं आहे. पण ते ४८ जण किती पाळ्या खेळलेत ते आधी पाहा. शेवटच्या किल्ल्यापर्यंत गेलेले असतील तर त्यांना खरोखर नवा मुलूख हवा आहे. दुसऱ्या किल्ल्यावरच थांबलेले असतील तर ‘जलदुर्ग द्या’ म्हणजे बहुधा ‘इथे कंटाळा आलाय’. आरमार म्हणजे नवा नकाशा, नव्या चाली, शत्रूचं डोकं नव्याने लिहायचं. तीन महिन्यांत तिघांकडून हे नीट होणार नाही.

ऑनलाइनचंही आता नको. तुमच्या ज्या मित्राला ते हवं आहे त्याचं म्हणणं चूक नाही, पण सर्व्हर, तुटणारं नेटवर्क आणि मध्येच उठून जाणारा प्रतिस्पर्धी हे वर्षभराचं काम आहे. ३७ जणांना मित्राशीच खेळायचं आहे ना? एकच फोन आळीपाळीने हातात देऊन खेळायची सोय करा. पाळीपाळीचा गेम असल्याने ती तुम्हाला जमण्यासारखी आहे. किती जण वापरतात ते पाहून पुढचं ठरवा.

आणि जे काम घ्याल ते एका अपडेटमध्ये एकच घ्या. दरवाजा, टक्केवारी आणि रसद तिन्ही एकदम बदललंत तर नंतर सुधारणा कशामुळे झाली ते तुम्हालाही सांगता येणार नाही. क्रम लावताना मी कितवी पाळी हेच पाहते. तिसऱ्या पाळीतून सगळे ३०० जातात, चाळिसाव्या पाळीपर्यंत थोडेच पोचतात. आधीचं दुरुस्त केलं की पुढच्या निम्म्या तक्रारी आपोआप बदलतात.

प्रश्न: मी नागपूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोघांनी खेळायचा स्ट्रॅटेजी गेम बनवला आहे, दोन्ही बाजूंच्या फौजा वेगळ्या. १०० डाव झाले, त्यांत ‘डोंगरी’ बाजू ५६ जिंकली. सगळे म्हणतात तिची ताकद कमी कर. किती कमी करू?

उत्तर: काहीच करू नका. अजून नको.

नाणं शंभरदा उडवलं तर बरोबर ५० छापे क्वचितच पडतात. ४० ते ६० च्या मध्ये कुठेही आकडा आला तरी नाण्यात खोट आहे असं म्हणता येत नाही. तुमचे ५६ त्याच पट्ट्यात आहेत. १००० डावांत ५६० आले असते तर मी वेगळं उत्तर दिलं असतं.

‘गो’ या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या पटावरच्या खेळाचं उदाहरण माझ्या फार आवडीचं आहे. काळा आधी खेळतो म्हणून त्याला फायदा. त्याची भरपाई म्हणून पांढऱ्याला काही गुण देतात, त्याला ‘कोमी’ म्हणतात. व्यावसायिक खेळाडूंचे हजारो डाव जमा होत गेले, काळा तरीही जास्त जिंकतोय असं दिसत गेलं, आणि जपानमध्ये कोमी साडेचारवरून साडेपाच झाली. २००२ च्या सुमारास ती साडेसहावर आली. एकेका गुणासाठी त्यांनी अनेक वर्षांचे डाव तपासले. तुमच्याकडे वर्षं नाहीत हे मला समजतं, पण शंभर डावांवर फौज कापण्याची घाईसुद्धा नाही.

आकड्याबरोबर खेळला कोण तेही पाहा. डोंगरी बाजू सोपी असेल तर नवखे तिच्याकडून जिंकतील आणि मुरलेले दुसरीकडून. सरासरी ५६ दिसेल आणि आत दोन वेगळ्या गोष्टी असतील. ‘स्ले द स्पायर’ हा पत्त्यांचा गेम २०१७ च्या नोव्हेंबरात अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अर्धवट असतानाच विक्रीला, आला आणि जानेवारी २०१९ मध्ये पूर्ण झाला. मधल्या काळात बनवणारे खेळणाऱ्यांच्या डावांची माहिती गोळा करत होते: कोणता पत्ता लोक किती वेळा उचलतात, आणि तो असताना किती जिंकतात. हे दोन आकडे शेजारी ठेवले की बरंच कळतं. कुणी उचलत नाही पण उचलला तर जिंकवतो, असा पत्ता कमजोर नसतो. त्याच्यावरचं वाक्य लोकांना कळलेलं नसतं. सगळे उचलतात आणि तरी हरतात, तो फसवा असतो. तुमच्या डोंगरी फौजेतल्या एकेका तुकडीचा असा तक्ता मांडा. पुढचे ३०० डाव वेगवेगळ्या लोकांकडून खेळवून घ्या, आणि तोवर ‘ताकद कमी कर’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला त्या डावातली कोणती पाळी लक्षात राहिली ते विचारा.

प्रश्न: मी डोंबिवलीची निवृत्त शिक्षिका आहे. पुठ्ठ्यावर पट आखून पावसाचा आणि पेरणीचा खेळ केला आहे. मृगात पेरायचं की आर्द्रेची वाट पाहायची, बियाणं किती राखून ठेवायचं, असे निर्णय घ्यायचे. घरचे सगळे ‘छान आहे’ म्हणतात. पुढे काय सुधारू ते कळत नाही.

उत्तर: बाई, कल्पना वाचूनच मला तो पट पाहावासा वाटला.

घरचे प्रेमाने बोलतात, म्हणून त्यांना मत विचारू नका. त्यांच्याबरोबर खेळायलाही बसू नका. ‘कॅटन’ करणारे क्लाउस टॉयबर जर्मनीत दंततंत्रज्ञ होते आणि ते आपले खेळ घरीच, बायकोमुलांबरोबर तपासायचे. १९९५ मध्ये कॅटन बाजारात आला. म्हणजे घरचे लोक परीक्षक म्हणून कमी नाहीत, पाहायचं काय ते ठरलेलं हवं.

नियम एका कागदावर लिहा, पट आणि कागद टेबलावर ठेवा आणि शेजारच्या खुर्चीत विणकाम घेऊन बसा. कुणी काही विचारलं तरी उत्तर देऊ नका. शिक्षिकेला हे फार जड जाईल, मला माहीत आहे. प्रश्न आला की कागदावरच्या त्या ओळीशेजारी पेन्सिलीने रेघ मारा. दुसऱ्याची पाळी चालू असताना कोण पटाकडे पाहतं आणि कोण मोबाइलकडे, ते टिपा. बियाणं राखून ठेवताना हात थबकतो का? थबकत असेल तर तिथे खरा निर्णय आहे, तो जपा. सगळे न थबकता मृगातच पेरत असतील तर तिथे निर्णयच नाही, आणि पावसाच्या पत्त्यांत पेरणीनंतरची उघडीप वाढवायला हवी. सर्वांत जास्त रेघा ज्या नियमाशेजारी, तो आधी पुन्हा लिहा.

मग दुसऱ्या दिवशी पट कपाटात न ठेवता हॉलमध्ये राहू द्या आणि काही बोलू नका. कुणी आपणहून मांडला, तर त्यांनी तुमच्या कागदापेक्षा कोणता नियम वेगळा खेळला ते टिपून मला जरूर कळवा.